बीज सुटण्याचे दिवस घरच्या घरी कसे ओळखायचे: स्राव, पट्टी आणि थर्मामीटर

‘पाळीनंतरचा चौदावा दिवस धरा’ हे बहुतेक बायकांना कोणी ना कोणी सांगितलेलं असतं. या सल्ल्यात दोन चुका आहेत. दिवस मोजायचे ते रक्तस्राव थांबल्यापासून नाहीत, सुरू झाल्यापासून. आणि चौदावा दिवस हा २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा अंदाज आहे. तिचाही दर महिन्याला तोच असेल असं नाही.

अंडाशयातून सुटलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र योग्य स्राव असेल तर शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. म्हणजे दिवस राहण्याजोगा काळ साधारण सहा दिवसांचा: बीज सुटायच्या आधीचे पाच आणि सुटण्याचा एक. त्यातही सुटायच्या आधीचे दोन दिवस सगळ्यांत मोलाचे. बीज सुटून एक दिवस उलटला की त्या महिन्याची संधी संपली. त्यामुळे ‘बीज सुटलं का?’ या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत उशीर झालेला असतो. विचारायचा प्रश्न आहे ‘सुटायला आलंय का?’

घरी वापरायच्या तीन खुणा आहेत आणि तिघींची कामं वेगळी आहेत. योनीतून येणारा स्राव चार-पाच दिवस आधी वर्दी देतो. लघवीच्या पट्टीवरून एक-दीड दिवस आधी कळतं. सकाळचं तापमान बीज सुटून गेल्यावर ते पक्कं सांगतं. थर्मामीटरकडून आगाऊ सूचनेची अपेक्षा ठेवली की महिने वाया जातात; ही चूक फार जणी करतात.

आधी तारखा नीट लावा

पहिला दिवस म्हणजे लाल आणि पॅड घ्यावं लागेल इतका रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशीचे तपकिरी ठिपके त्यात धरायचे नाहीत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खूण करा किंवा वहीत लिहा, पण मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा समोर हव्यात. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस, ही त्या चक्राची लांबी. सहा चक्रांतलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं कोणतं ते वेगळं लिहून ठेवा.

बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ एकाच बाईत फारसा बदलत नाही. तो बहुधा १२ ते १४ दिवसांचा असतो. कमीजास्त होतो तो आधीचा भाग. म्हणून २४ दिवसांच्या चक्रात बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, ३५ दिवसांच्या चक्रात एकविसाव्या. ताप, लांबचा प्रवास, जागरणं, मोठा ताण यांमुळे ‘पाळी लांबली’ असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर बीज सुटणं लांबलेलं असतं आणि पाळी त्याच्यामागून लांबते.

मोबाइलवरचं ॲप फक्त तारखांवरून दिवस रंगवत असेल तर तो सरासरीचा हिशोब आहे. या महिन्यात तुमच्या शरीरात काय चाललंय, ते त्याला माहीत नसतं. तारखा नोंदवायला ॲप छान आहे. त्यातल्या रंगीत दिवसांवर विसंबून बाकीचे दिवस सोडून देऊ नका.

आपल्याकडची एक खास अडचण इथेच सांगायला हवी. गणपती, घरातलं लग्न किंवा पूजा आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा रक्तस्राव गोळीमुळे आलेला असतो आणि त्या चक्राची लांबी हिशोबात धरता येत नाही. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असताना या गोळ्या टाळाच. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तेव्हा तर घेऊच नयेत. संबंधांनंतर घेतात त्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही चक्र पुढेमागे होतं.

स्राव: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी कळणारी खूण

पाळी संपल्यावर साधारण काही दिवस कोरडे जातात. मग थोडा चिकट, तुटक स्राव दिसतो. पुढे तो लोशनसारखा दाट, पांढरट होतो. बीज सुटायचे दिवस जवळ आले की इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि स्राव पातळ, पारदर्शक, निसरडा होतो. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. दोन बोटांत धरून ताणला तर दोन-तीन इंच तार धरतो. हा स्राव शुक्राणूंना वर जायला वाट देतो आणि तिथे टिकवतो. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि एक-दोन दिवसांत स्राव पुन्हा दाट होतो किंवा आटतो.

पाहण्याची पद्धत अशी. लघवीला गेल्यावर, पाण्याने धुण्याच्या आधी, टिश्यूने किंवा स्वच्छ पांढऱ्या कापडाच्या तुकड्याने पुढून मागे टिपा. धुतल्यावर पाहिलंत तर हाताला लागतं ते पाणी. आपल्याकडे ही चूक सर्रास होते. टिपताना कागद सुळकन सरकतो की अडखळतो, याकडे लक्ष द्या. मग जे आलं असेल ते दोन बोटांत ताणून पाहा. दिवसातून तीन वेळा पाहायचं आणि रात्री त्यातली सर्वांत ओली, सर्वांत निसरडी नोंद लिहायची. लांब वर्णन नको: कोरडं, चिकट, दाट, निसरडं, या चार शब्दांतला एक पुरे.

स्राव थोडाच असेल तर शौचाला जाऊन आल्यावर पाहा. जोर दिल्याने आतला स्राव खाली येतो. आत बोट घालून पाहायची गरज नसते. योनीच्या आत पाण्याचा फवारा मारणं किंवा सुगंधी वॉश वापरणं बंद करा. त्याने खूण पुसली जाते आणि जंतुसंसर्गही होतो.

संबंधांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दिसणारा ओलेपणा वीर्याचा असू शकतो, म्हणून त्या दिवशी दुपारनंतरची नोंद खरी माना. उत्तेजनेच्या वेळचा ओलावा लवकर वाळतो, त्याला तार सुटत नाही. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनी स्राव आटू शकतो. बीज तयार व्हावं म्हणून देतात त्या क्लोमिफिनच्या गोळ्यांनीही काहींचा आटतो. अशा वेळी स्राव दिसत नाही म्हणून बीज तयार होत नाही असं समजू नका.

निसरडा स्राव ज्या दिवशी शेवटचा दिसला तो शिखराचा दिवस. बीज सुटणं बहुधा त्या दिवशी किंवा एक-दोन दिवस इकडेतिकडे. पण तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशी स्राव आटल्यावरच कळतं. तेव्हा शिखराची वाट पाहत बसायचं नाही. निसरडेपणा पहिल्यांदा जाणवला की ते दिवस सुरू झाले असं धरायचं.

या दिवसांतला स्राव पाहून ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून कितीतरी जणी घाबरतात, कोणी अशक्तपणाची औषधं घेतं, कोणी दुकानातून योनीत ठेवायच्या गोळ्या आणतं. ज्या स्रावावर गर्भधारणा अवलंबून आहे, तोच आजार समजून थांबवायचा प्रयत्न होतो, याचं फार वाईट वाटतं. चक्राच्या मध्यावर येणारा, पारदर्शक, वास नसलेला, खाज न आणणारा स्राव निरोगी आहे. खाज, जळजळ, दह्याच्या कवड्यांसारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव, माशासारखा वास, ओटीपोटात दुखणं, यांतलं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आधी त्यावर उपचार, मग नोंदी.

पट्टी

ओव्हुलेशनची, म्हणजे बीज सुटण्याची, पट्टी लघवीतलं एलएच हे संप्रेरक मोजते. बीज सुटण्याआधी एलएच एकदम उसळतं. उसळी सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं.

सुरुवात कधी करायची? सर्वांत लहान चक्रातून १७ वजा करा. चक्र २८ दिवसांचं असेल तर अकराव्या दिवसापासून, २४ चं असेल तर सातव्या, ३२ चं असेल तर पंधराव्या दिवसापासून. चक्र फार बदलतं असेल तर नुसत्या तारखेवरून सुरू केल्यास पट्ट्या भराभर संपतात. त्यापेक्षा स्राव दाटाचा पातळ होऊ लागला की सुरू करा.

सकाळची पहिली लघवी गर्भचाचणीला चांगली, या चाचणीला नाही. एलएचची उसळी बहुधा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. दुपारी १२ ते रात्री ८ मधली एक वेळ ठरवा आणि रोज तीच ठेवा. त्याआधी दोन तास लघवी धरून ठेवा आणि त्या दोन तासांत पाणी, ताक, चहा बेताने घ्या. मे महिन्यात दिवसभर तहान मारायची नाही. फक्त ते दोन तास सांभाळायचे. भसाभस पाणी पिऊन लगेच चाचणी केली तर लघवी इतकी पातळ होते की उसळी असूनही रेघ फिकी येते.

लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या. बुडवायची पट्टी असेल तर बाणाखालच्या कमाल रेषेपर्यंतच, सोबतच्या कागदावर दिलेली सेकंदं मोजून बुडवा आणि आडवी ठेवा. प्लॅस्टिकच्या चौकटीतली असेल तर ड्रॉपरने कागदावर लिहिलेले तेवढेच थेंब टाका. वेळेचा गजर लावा. बहुतेक पट्ट्या पाच मिनिटांनी वाचायच्या असतात. दहा मिनिटांनंतरचा निकाल धरायचा नाही. कचऱ्यातून काढून संध्याकाळी पुन्हा पाहिलेली पट्टी काहीही दाखवू शकते.

आता वाचन, कारण सर्वांत मोठा घोळ इथे होतो. गर्भचाचणीत दुसरी रेघ फिकी आली तरी ती होकारार्थी मानतात. इथे तसं नाही. एलएच शरीरात रोजच थोडं असतं, म्हणून फिकी रेघ जवळजवळ रोज दिसते आणि तिचा अर्थ ‘अजून नाही’ असा. टी (चाचणीची) रेघ सी (पट्टी चालते हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच उसळी धरायची. सी ची रेघच आली नाही तर पट्टी बाद, दुसरी वापरा. रोजच्या पट्ट्यांचे एकाच उजेडात फोटो काढून ठेवले तर गडद होत जाणं नजरेस येतं.

काही जणींची उसळी दहा-बारा तासांतच ओसरते. रोज एकदाच पाहिलं तर ती निसटते. म्हणून टी ची रेघ गडद होऊ लागली की दुपारी आणि रात्री, असं दोनदा पाहा. रेघ बरोबरीची झाली की त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस संबंध यावेत. त्यानंतर त्या महिन्यात पट्ट्या वाया घालवू नका.

पट्ट्या साठवायच्या त्या कोरड्या आणि थंड जागी, बहुतेकांना ३० अंश सेल्सिअसखाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात गॅसजवळचं कपाट किंवा पत्र्याखालचा माळा चालत नाही. पाकीट फोडलं की लगेच वापरा. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी लवकर बिघडते.

पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असलेल्या अनेकींत एलएच मुळातच जास्त असतं. त्यांची पट्टी कित्येक दिवस गडद येते, किंवा शरीर बीज सोडायचा दोन-तीनदा प्रयत्न करतं आणि दर वेळी रेघ गडद होऊन पुन्हा फिकी पडते. पट्टी उसळी दाखवते, बीज प्रत्यक्ष सुटल्याची खात्री देत नाही. बीज सुटावं म्हणून देतात ते एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर काही दिवस पट्टी निरुपयोगी. क्लोमिफिन घेत असाल तर शेवटच्या गोळीनंतर निदान तीन दिवस जाऊ द्या.

थर्मामीटर

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे सकाळचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ०.४ ते १ अंश फॅरेनहाइट, वर चढतं आणि पाळीपर्यंत वरच राहतं.

दोन दशांश दाखवणारा थर्मामीटर उत्तम. तो नसेल तर घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर फॅरेनहाइटवर ठेवा. एक दशांश दाखवणाऱ्या सेल्सिअसपेक्षा एक दशांश फॅरेनहाइट जास्त बारीक मोजतो. मध्येच थर्मामीटर बदलू नका. कपाळावर रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला नको.

थर्मामीटर उशाशी ठेवा. जाग आली की उठायच्या, बोलायच्या, पाणी प्यायच्या आधी जिभेखाली, तोंड मिटून. बीप झाल्यावरही आणखी दोन मिनिटं राहू द्या, रोज तेवढंच. त्याआधी निदान तीन तास सलग झोप हवी. रोज साधारण एकाच वेळी मोजा. दूधवाल्याला दार उघडून परत येऊन मोजलं तर आकडा चढलेला असतो. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसातली सर्वांत मोठी झोप संपल्यावर मोजावं. ताप, जागरण, रात्रीची दारू, तासाभराने उशिरा उठणं, हे आकड्याशेजारी लिहा आणि तो आकडा हिशोबातून वगळा.

वाचायचं असं: सलग तीन दिवसांचं तापमान आधीच्या सहाही दिवसांपेक्षा वर हवं, आणि तिसऱ्या दिवसाचं त्या सहांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा निदान ०.४ फॅरेनहाइटने वर. समजा अकराव्या ते सोळाव्या दिवसाचे आकडे ९७.२, ९७.१, ९७.३, ९७.२, ९७.०, ९७.१ आहेत. सर्वांत मोठा ९७.३. सतराव्या दिवशी ९७.६, अठराव्या ९७.७, एकोणिसाव्या ९७.८. तर बीज सोळाव्या दिवसाच्या आसपास सुटलं. एका दिवसाच्या उडीवरून काहीही ठरवू नका.

याचा उपयोग या महिन्यासाठी नाही, पुढच्यासाठी आहे. तीन चक्रांचे आलेख शेजारी ठेवले की तुमचं बीज कितव्या दिवशी सुटतं, पट्टीनंतर किती दिवसांनी तापमान चढतं, आणि चढल्यावर पाळी किती दिवसांनी येते, हे स्पष्ट होतं. चढलेलं तापमान दर वेळी दहा दिवसांपेक्षा कमी टिकत असेल, किंवा महिनोन्महिने आलेख चढतच नसेल, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. उलट तापमान १८ दिवस वरच राहिलं आणि पाळी आली नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीत गर्भचाचणी करा.

तीन महिने झाले आणि चित्र स्वच्छ असेल तर थर्मामीटर बंद केला तरी चालतं. रोज सकाळी आकड्याने दिवस सुरू होणं काही जणींना फार जड जातं. झोप उडत असेल तर स्राव आणि पट्टी पुरेशी आहे.

संबंध कधी

निसरडा स्राव दिसू लागल्यापासून एक दिवसाआड किंवा रोज, आणि पट्टी गडद झाली की तो दिवस व पुढचे दोन. ‘जपून ठेवल्याने’ वीर्य चांगलं होतं हा समज चुकीचा आहे. फार दिवसांच्या खंडाने शुक्राणूंची गुणवत्ता उलट घसरते. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला असेल आणि शनिवार-रविवारच भेट होत असेल, तर बीज मंगळवारी सुटणार असलं तरी रविवारचा संबंध वाया जात नाही, निसरडा स्राव सुरू झालेला असेल तर. घरात माणसं जास्त आहेत, खोली एकच आहे, अशा वेळी सहाही दिवस जमत नाहीत. मग पट्टी गडद होण्याचा दिवस आणि त्याच्या आसपासचे दिवस मिळतील तेवढे घ्या.

कोरडेपणासाठी थुंकी वापरू नका. तिने आणि बाजारातल्या बऱ्याच जेलींनी शुक्राणूंची हालचाल मंदावते. नंतर पाय भिंतीला लावून झोपायची गरज नाही, आणि थोडं वीर्य बाहेर आलं म्हणून काही बिघडत नाही.

अमुक दिवशी संबंध ठेवले तर मुलगाच होतो, असं सांगणारे तक्ते फिरत असतात. त्यांना वैद्यकीय आधार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्यात पुढे गर्भधारणेआधीची लिंगनिवडही आली. या नोंदी मूल होण्यासाठी आहेत, मुलगा होण्यासाठी नाहीत.

नोंदी सुरू केल्या त्याच दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करा. दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. मधुमेह, आकडी किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर तेवढी लागू शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

डॉक्टरांकडे कधी

सगळे दिवस अचूक साधले तरी तरुण, निरोगी जोडप्यातही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचांत एक एवढीच असते. वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष, ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग जा. चाळिशी गाठली असेल तर थांबूच नका. पाळी ३५ दिवसांपेक्षा लांब किंवा २१ च्या आत येत असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी किंवा ओटीपोटाचा संसर्ग झाला असेल, तरीही लगेच जा. आपल्याकडे जननेंद्रियांचा टीबी गुपचूप गर्भनलिका बंद करतो, आणि बीज वेळेवर सुटत असल्याचे आलेख सुंदर दिसत असतानाही दिवस राहत नाहीत.

डॉक्टर बहुधा थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) आणि प्रोजेस्टेरॉन तपासतील. प्रोजेस्टेरॉनला ‘एकविसाव्या दिवसाची तपासणी’ म्हणतात, पण ती पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी करायची असते. ३५ दिवसांचं चक्र असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी. एकविसाव्यालाच रक्त दिलं तर बीज सुटत असूनही रिपोर्ट ‘नाही’ म्हणेल. तुमचा आलेख तिथे उपयोगी पडतो, तो सोबत न्या. सोनोग्राफीवर बीज वाढताना पाहतात तो फॉलिक्युलर स्टडी साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड चालतो, आणि फॉलिकल (बीज असलेली छोटी पिशवी) १८ ते २४ मिलिमीटरचं झालं की फुटायला आलं असं धरतात.

नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत सांगितली जाते, आणि ती पुढे ढकलू नये. दोन ते सात दिवस खंड ठेवून नमुना द्यायचा. घरून नेणार असाल तर लॅबने दिलेल्या डबीत, अंगाजवळ उबेत धरून, तासाभराच्या आत पोहोचवायचा. ही तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, आणि तिचा निकाल हातात नसताना बायकोने महिनोन्महिने पट्ट्या लावत राहणं तिच्यावर अन्याय आहे.